मला कोणाच्याही मनगटाला बांधू नका

मी एक बिल्ला बोलतोय. पितळेचा, बिस्किटाएवढा, वर एक भोक आणि मधोमध ठोकलेला आकडा : ४६. मी कुठे राहतो ते ऐकून तुम्ही नाक मुरडणार, ठाऊक आहे मला. खुशाल मुरडा. पण त्या नाकात हाडं किती आणि मधला पडदा कुठे वाकतो, हे तुमचा डॉक्टर ज्यांच्याकडून शिकला ना, त्यांच्या मनगटाला मी असतो.

मेडिकल कॉलेजच्या डिसेक्शन हॉलमधला मी बिल्ला. मेलेल्या माणसाच्या शरीरावर मुलं जिथे शरीर शिकतात, तो हा हॉल. इथे येणाऱ्याचं नाव रजिस्टरात राहतं, कपाटात, कुलपात. टेबलावर राहतो तो मी.

माझा जन्म तसा साधाच. एका ठसे मारणाऱ्यानं एक ते शंभर असा आमचा संच ठोकला. सकाळपासून ठोकून ठोकून त्याचा हात भरून आला होता, म्हणून माझ्यातल्या सहाचं पोट जरा जास्तच सुटलंय. संच वाटला गेला. पहिले चाळीस भाऊ एका हॉटेलात किल्ल्यांना लागले. शेवटचे तीस पोहण्याच्या तलावावर गेले आणि लोकांच्या ओल्या चड्ड्यांची राखण करू लागले. आम्ही मधले इथे आलो. सगळे म्हणतात, मधल्यांच्या नशिबी हे असंच. मी म्हणतो, चड्ड्या राखण्यापेक्षा बरं.

हॉलमध्ये आलो त्या दिवशी तिथल्या जुन्या शिपायानं मला दोरा ओवला. त्याला सगळे ‘मामा’ म्हणतात, विभागप्रमुखसुद्धा. मामाचा एकच कायदा. नवीन आलेल्या प्रत्येकाला तो तेवढाच शिकवतो : “बिल्ला आणि माणूस कधी वेगळे करायचे नाहीत. चुकून सुटलाच, तर तिथल्या तिथे बोंब मारायची. खिशात घालायचा नाही, खुंटीला लावायचा नाही, नंतर बघू म्हणायचं नाही.”

कायदा का, ते वर्षाअखेरीला कळतं. तोवर चेहऱ्यावरून ओळखावं असं फारसं काही उरलेलं नसतं. मग एकेका माणसाचं जे काही आहे ते सगळं गोळा करून एका लाकडी पेटीत ठेवतात आणि पेटीला त्याचा बिल्ला बांधतात. घरच्यांनी मागितली असेल तर पेटी घरच्यांना. मागणारं कोणी नसेल, तर कॉलेज आपल्या गाडीनं नेऊन निरोप देतं. शेवटी कोण कोणाचं, हे सांगायला माझ्याशिवाय कोणी नसतं.

इथे माणसं दोन वाटांनी येतात. काही स्वतःच्या मर्जीनं, जिवंतपणी अर्ज भरून. काहींचा कोणी वालीच नसतो, म्हणून. टेबलावर पोहोचल्यावर हा फरक राहत नाही. नस दोघांचीही तिथेच असते.

मुलांचं म्हणाल तर पहिल्या दिवशी ती छताकडे बघतात, पंख्याकडे बघतात, एकमेकांच्या बुटांकडे बघतात, टेबलाकडे सोडून सगळीकडे बघतात. दुसऱ्या आठवड्यात दाराबाहेर डबे उघडून ‘तुझ्या डब्यात काय’ सुरू. रडू आलं की सगळ्यांचं एकच कारण, डोळ्यांत फॉर्मॅलिन गेलं. शरीर टिकवणारं ते फॉर्मॅलिन बिचारं बरणीत झाकण लावून बसलेलं असतं. मोठे डॉक्टरही येतात. गुडघ्याची नवी शस्त्रक्रिया आधी इथे करून बघतात. मामा त्यांना सुनावतो, “काय चुकायचं ते इथे चुका. ही माणसं कुरकुर करत नाहीत.” पुढे कोणीतरी जिना चढतो, देवाचे आभार मानतो, डॉक्टरचे मानतो. टेबलावरच्याचे कोण मानतो?

वर काही लोक म्हणतात, ही तर विटंबना. विटंबना कशाला म्हणतात ते मी सांगतो. माझ्या डोळ्यांदेखत होता होता राहिली.

गेल्या वर्षी हॉलवर नवीन तंत्रज्ञ आली. नुकतंच लग्न झालेली, आणि बोलणं इतकं कमी की आठवड्यात तिचं नाव पडलं मौनीताई. हात मात्र असा, की कांद्याचा पापुद्रा सुटावा तशी कातडी अलगद सोडवायची. घरी तिनं ‘कॉलेजात नोकरी’ एवढंच सांगितलं होतं. सासूबाईंनी विचारलं, “मुलांना शिकवतेस का गं?” तर म्हणाली, “मुलं शिकतात.” खोटं एक अक्षर नाही. अशी ती.

त्या वर्षी मी होतो चार नंबरच्या टेबलावर, एका शिंपीणबाईंच्या डाव्या मनगटाला. अर्ज भरून, सही ठोकून आलेल्या. आयुष्यभर कात्री चालवलेली बाई, हाडापेराची मजबूत. शेजारी पाच नंबरवर साधारण त्याच वयाच्या दुसऱ्या बाई, माझा भाऊ एक्कावन्न त्यांच्याकडे. त्यांचं कोणी नव्हतं.

परीक्षेसाठी मौनीताई शिंपीणबाईंचा उजवा हात सोडवत होती. अंगठ्याशेजारच्या बोटापाशी पातं ‘टिक्’ वाजलं. तिनं भिंग लावलं. हाडात रुतून बसलेलं सुईचं टोक, तांदळाच्या कणीएवढं. कधीतरी शिलाई मशीनची सुई बोटातून गेली असणार आणि आत मोडली असणार.

“काढून टाक,” मामा म्हणाला.

“नको. त्यांचं आहे, त्यांच्यापाशी राहू दे.”

मामानं घड्याळाकडे बघितलं. “आज बरंच बोललीस गं.”

परीक्षा झाल्या, मुलं सुट्टीवर गेली. एका शुक्रवारी मौनीताई आवराआवर करत होती. माझ्यावर आणि एक्कावन्नवर मळाची इतकी पुटं चढली होती की आकडा दिसेना. पेट्या भरायच्या तर आकडा दिसायला हवा. तिनं आम्हा दोघांना सोडलं, धुवायला. तेवढ्यात सासूबाईंचा फोन. “अगं, आत्याबाई आल्यात. नवी सून कुठंय, नवी सून कुठंय, डोकं खाल्लंय माझं. तू आधी नीघ बघू.”

ती निघाली. आम्ही दोघं अॅप्रनच्या खिशात.

शनिवार गेला आत्याबाईंच्या सरबराईत. रविवारी सासूबाईंनी कपडे भिजवायला घेतले आणि खिशातून आम्हाला बाहेर काढलं.

“हे कसले बिल्ले गं?”

मौनीताईचा चेहरा पांढराफटक. “कपाटांचे.”

“मग किल्ल्या कुठायत?”

“कपाटांतच.”

“धन्य आहे तुमच्या कॉलेजची!” असं म्हणून त्या माउलीनं आम्हाला घरातल्या पितळेच्या भांड्यांबरोबर खसाखसा घासलं, पुसलं आणि मोरीवरच्या हुकाला, चहाच्या गाळणीशेजारी लटकवलं. दुपारी मौनीताईला घास उतरेना. गाळणी बघून चहासुद्धा नको म्हणाली. सासूबाईंना वेगळीच शंका आली आणि त्या गालातल्या गालात हसत राहिल्या. मी मात्र जन्मात पहिल्यांदा चमकत होतो, आणि सांगायला लाज वाटते, मला ते आवडलं.

सोमवारी ती हॉलमध्ये पोहोचली तेव्हा दोन्ही टेबलं जागच्या जागी होती. निदान तसं दिसत होतं. शनिवारी नळवाला येऊन गेला होता. तुंबलेली मोरी मोकळी करायला टेबलं हलवली, मग परत लावली. दोघींवर ओल्या चादरी. तिनं फक्त एकेक डावं मनगट बाहेर काढलं.

एक प्रश्न विचारला असता तर भागलं असतं : मामा, टेबलं होती तशीच लावली ना? पण मामानं उलट विचारलं असतं, तुला कशाला शंका, बिल्ले बघ की! आणि मग बिल्ले कुठे होते, ते सांगावं लागलं असतं. चहाच्या गाळणीशेजारी.

तिनं विचारलं नाही. टेबलांच्या जागांवर भिस्त ठेवून आम्हाला बांधून टाकलं.

“बिल्ले कसे आरशासारखे दिसतायत?” मामा म्हणाला.

“घासले.”

मला गाठ बसताक्षणी कळलं. हे मनगट बारीक होतं. वर्षभर ज्याला चिकटून राहिलो ते हे नव्हे. मी ओरडलो. पण पितळ ओरडलं की किणकिणतं, आणि किणकिण ऐकू आली की माणसं उठून खिडकी लावून घेतात.

बुधवारी मामानं पेट्या भरल्या. कापडात गुंडाळून, हळुवार हातानं, जशा नेहमी भरतो तशा. मी एका पेटीच्या कडीला, एक्कावन्न दुसऱ्या. ज्यांना कोणी नाही त्यांच्या पेट्या लाख लावून मोहोरबंद झाल्या. घरचे येणार असले तर मोहोर त्यांच्यासमोर लागते, म्हणून माझी पेटी तेवढी उघडी राहिली.

गुरुवारी सकाळी शिंपीणबाईंचे यजमान आले. काटकुळे, इस्त्रीचा शर्ट, एकूण एक बटण लावलेलं. कॉलेजची गाडी तेव्हा आवारात उभी होती आणि ड्रायव्हर बिनवारशी पेट्या चढवत होता.

“बसा, काका,” मौनीताई म्हणाली.

“बसतो. पण आधी एक सांगा.” काकांनी आवाज खाली आणला. “सुई सापडली का तुम्हाला?”

तिनं हातातलं पेन खाली ठेवलं.

“आमच्या हिच्या बोटात मोडली होती. लग्नाच्या आधीची गोष्ट. काढू दिली नाही कधी. आमचं दुकान होतं ना, ती कापायची, शिवायची, मी काजं-बटणं करायचो. अर्ज भरला तेव्हा मला म्हणाली, बघू या, तुमच्या डॉक्टर लोकांना माझी सुई सापडते का. नाही सापडली तर समजा अभ्यास कच्चा.”

मौनीताई हसली. हॉलमध्ये तिला हसताना मी पहिल्यांदा बघितलं. “सापडली. उजवा हात, अंगठ्याशेजारचं बोट.”

“सापडली!” काकांनी मांडीवर थाप मारली. “मी म्हटलंच होतं तिला!”

“बघायचीय?”

का विचारलं तिनं, देव जाणे. न बोलणाऱ्या माणसाचं हे असंच. एक वाक्य जास्तीचं बोलतं आणि तेच नेमकं आयुष्य ढवळून काढतं.

ती आतल्या खोलीत आली. माझ्या पेटीचं झाकण उचललं, कापड सोडलं, भिंग लावलं. उजवा हात, बोट. काही नाही. पुन्हा बघितलं. डावाही बघितला. मग माझ्याकडे बघितलं. मला हातात धरून, सहाच्या सुटलेल्या पोटावरून अंगठा फिरवत ती तशीच उभी राहिली. मोरी, नळवाला, गाळणी, सगळं तिच्या चेहऱ्यावरून ओळीनं सरकत गेलेलं मला दिसलं.

खिडकीबाहेर ड्रायव्हर गाडीचं मागचं दार लावत होता. एक्कावन्नची पेटी आत.

ती धावली ती थेट विभागप्रमुखांच्या खोलीत. मी मुठीत.

“सर, पेट्या बदलल्यात. चूक माझी आहे. गाडी थांबवायला हवी.”

सर वाईट माणूस नाहीत. हेच तर अवघड होतं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, चष्मा काढून टेबलावर ठेवला. “हे बघ, मोहोर लागलेली पेटी फोडायची म्हणजे लेखी कारण. कारण वर जाणार, चौकशी होणार. तुझी नोकरी अजून कच्ची आहे. ते सोड. ही गोष्ट बाहेर फुटली, तर उद्या अर्ज कोण भरेल? आपल्याकडे वर्षाला अर्ज येतात मूठभर. पोरं शिकणार कशावर?”

“पण त्या काकांची बायको—”

“त्यांना पेटी मिळेल. समाधान मिळेल. त्यांना कुठे कळणार आहे?”

“मला कळलंय,” मौनीताई म्हणाली.

“दोघींनाही सन्मानानं निरोप मिळणारच आहे. फरक काय पडतो?”

फरक काय पडतो! वर्षानुवर्षं लोक मला ‘नुसता नंबर’ म्हणत आलेत, मी गिळलं. पण नंबर आहे म्हणून कोणालाही चालेल? ज्याचं कोणी नाही तो कोणाचाही? ही ती विटंबना, मंडळी. सुरीनं होत नाही ती. मुलं चाकू चालवतात तो समजून घ्यायला. ‘काय फरक पडतो’ म्हणणारा काही न समजता कापतो.

हे मी म्हणू शकलो नाही. ती म्हणाली, तिच्या पद्धतीनं. “पडतो, सर. सापडली का म्हणून विचारलंय त्यांनी.” आणि खोलीबाहेर पडली.

आवारात गाडी सुरू झाली होती. ती समोर जाऊन उभी राहिली.

“अहो ताई, बाजूला व्हा! उशीर झालाय.”

“एक्कावन्नची पेटी उतरवा.”

“मोहोर लागलीये. सही लागेल मोठी.”

“माझी घ्या.”

“तुमची कुठे चालते?”

“चालत नसेल तर माझ्या नावावर तक्रार लिहा. शब्द मी सांगते.”

ड्रायव्हरनं मामाकडे बघितलं. मामा तोवर दारात येऊन उभा होता, आणि त्याला काय झालं असेल ते कळलं होतं. त्यानं गाडीचं दार उघडलं, पेटी उतरवून ओट्यावर ठेवली. मौनीताईनं अॅप्रनमधली कात्री काढली आणि लाखेची मोहोर फोडली. काका मागे येऊन उभे राहिले होते. सरही.

भिंगाची गरज पडली नाही. उन्हात ते टोक आपण होऊन चमकलं.

तिनं काकांना सगळं सांगितलं. बिल्ले सोडले ते, खिशात नेले ते, मामाला विचारलं नाही ते. एकही गोष्ट तिनं गाळली नाही. गाळणीसुद्धा.

काकांचा चेहरा लाल झाला. “म्हणजे मी दुसऱ्याच कोणाला तरी घेऊन गेलो असतो? आणि ही... ही कोणाचीच नसल्यासारखी गेली असती?”

“हो.”

“हो काय? हो काय म्हणता तोंड वर करून?”

“खरं आहे म्हणून.”

सर मध्ये काहीतरी बोलायला गेले. काकांनी हात वर केला. ते पेटीजवळ गेले. मग वाकून त्यांनी बोटाच्या टोकानं त्या सुईला हात लावला. “हीच,” म्हणाले. “मशीनचीच सुई.” आणि मग, “मापात सूतभर चूक झाली तरी अख्खं उसवायला लावायची मला. आज तिचंच माप चुकलं असतं.”

मौनीताई आम्हाला बदलून बांधायला खाली बसली.

“द्या इकडे,” काका गुरगुरले. राग गेला नव्हता, राग राहू दे की. “तुमची गाठ बघितली मी. सुटणारी गाठ आहे ती. बटणाची मारतो.”

त्यांनी आधी मला बायकोच्या पेटीला बांधलं. मग विचारलं, “आणि ह्या? ज्यांना मी नेणार होतो?”

“त्यांचं कोणी आलं नाही.”

“नंबर?”

“एक्कावन्न.”

काका त्या पेटीपाशी खाली बसले. एक्कावन्नला दोरा ओवला, तीन वेढे, एक फास, पुन्हा एक वेढा. ओढून बघितलं. पुन्हा ओढून बघितलं. “आता नाही सुटणार, बाई,” ते त्या पेटीला म्हणाले.

नवी मोहोर लावेपर्यंत गाडी थांबली. सरांनी लेखी कारण मागितलं. मौनीताईनं कारणाच्या रकान्यात तीनच वाक्यं लिहिली : ‘बिल्ले मी सोडले. चूक झाली. लपवली नाही.’ तिची नोकरी सहा महिने आणखी कच्ची राहिली. पण आता हॉलच्या भिंतीवर एक कागद आहे, सरांच्याच सहीचा : बिल्ला एकट्यानं सोडायचा नाही, दोघांनी मिळून सोडायचा आणि जागीच बांधायचा. मामा तो कागद दिवसातून एकदा मोठ्यानं वाचतो.

घरी तिनं सासूबाईंना खरं सांगितलं. सासूबाई हुकाकडे बघत राहिल्या, मग गाळणीकडे. गाळणी उचलून केरात टाकली. “आधी सांगितलं असतंस तर वेगळं घासलं असतं गं,” एवढंच म्हणाल्या. दुसऱ्या दिवशी मौनीताईनं हे मामाला सांगितलं, आणि मामानं पुन्हा घड्याळ बघितलं.

सध्या मी कपाटात आहे, दोऱ्याशिवाय. निघताना काकांनी मला स्वतःच्या हातानं सोडलं होतं. त्या गाठीला त्यांना खूप वेळ लागला.

गेल्या महिन्यात टपालानं एक अर्ज आला. अक्षर काटकुळं, सही स्वच्छ. खाली कोपऱ्यात एक ओळ जास्तीची : ‘शक्य असल्यास ४६ नंबर द्यावा.’ सर म्हणाले, असं काही नियमात नाही. मौनीताईनं रजिस्टर उघडलं, माझ्या आकड्यापुढे पेन्सिलीनं एक बारीक फुली केली आणि मला बाकीच्यांपासून वेगळ्या डबीत ठेवलं.

मला घाई नाही. काकांनी अजून पुष्कळ वर्षं बटणं लावावीत. पण त्यांचा दिवस येईल तेव्हा मी तयार असेन. मला बांधणारे हात कोणाचेही असोत, दोनदा बघा. मग तिसऱ्यांदा बघा. आणि गाठ बटणाची मारा.